जळगावात भाड्याने फ्लॅट बघतेय, जाण्याआधी काय काय तयारी ठेवू?

नमस्कार मंडळी,

शहाद्याहून जळगावला बदली झाली आहे (बँकेत आहे). जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. सोबत सासूबाई आणि तिसरीत जाणारी मुलगी. मिस्टर नाशिकला असतात, ते सुट्टीला येऊन-जाऊन. शाखा नवी पेठेत आहे. भाडं नऊ हजारांपर्यंत आणि डिपॉझिट तीस हजारांपर्यंत जमेल.

महाबळमध्ये ओळखीतून एक फ्लॅट कळला आहे. तिसरा मजला, वर थेट गच्ची. मालक पुण्याला, इथलं सगळं त्यांचे मेव्हणे बघतात. फोटो छान आहेत. पण मेव्हणे म्हणतात, "टोकन पाठवून द्या म्हणजे दुसऱ्याला देत नाही. करार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेऊ. अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी लागत नाही." घर न बघता पैसे पाठवायला मन घेत नाही आणि चांगलं घर हातचं जायला नको, असंही वाटतं.

मी एक फाइल करून ठेवली आहे: तिघांचे आधार, माझं पॅन, बँकेचं ओळखपत्र, बदलीचा आदेश, गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फोटो. शहाद्याच्या घरमालक काकांचा नंबरही देणार आहे, ते आमच्याबद्दल दोन शब्द सांगतील. अजून काय घेऊ?

मला मुख्य विचारायचंय ते असं. नोटरीचा करार खरंच चालतो का? मालक पुण्यात असताना सही कुणाची घ्यायची? प्रत्यक्ष घर बघायला एकच रविवार मिळणार आहे, तर त्या दिवशी काय काय तपासू? आणि एक थोडं नाजूक आहे. आम्ही मांसाहारी आहोत. हे आधीच सांगावं की विचारलं तर सांगावं? नंतर कटकट झाली तर सासूबाईंना या वयात पुन्हा सामान हलवायला लावणं मला जमणार नाही.

गिरणाकाठ

ताई, भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीचं काम करतो, म्हणून कागदापुरतं सांगतो.

अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, हा समज खानदेशात घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो किती का महिन्यांचा असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्यांनी ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. मेव्हण्यांना हे शांतपणे सांगा. नोंदणी मालकाच्याही फायद्याची आहे.

खर्चाची भीती असेल तर हिशोब बघा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कम त्यात मिळवतात. तुमच्या आकड्यांनी अकरा महिन्यांचे तीनशेच्या आत होतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. वर कागद हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी.

मी तर म्हणेन, सरळ 36 महिन्यांचा करा. 60 महिन्यांपर्यंत करता येतो आणि शुल्काचा दर तोच राहतो. मुलीची शाळा आहे, दरवर्षी नवा करार कशाला? वार्षिक वाढ किती ते त्यातच लिहून घ्या. तुमची मध्येच बदली झाली तर एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल, हेही.

मालक पुण्यात असले तरी अडत नाही. आधारवर अंगठा ते तिथून देतील, तुम्ही इथून द्या. एकत्र यावं लागत नाही. मेव्हणे स्वतः सही करणार असतील, तर मात्र कुलमुखत्यारपत्र दाखवा म्हणावं. घरपट्टीची पावती आणि लाइट बिल मागून त्यावरचं नावही बघून घ्या.

सावखेड्याची

कागद होतील हो ताई, पण तिसरा मजला आणि वर गच्ची, हे वाचून मला काळजी वाटली. शहाद्याचं ऊन तुम्हाला माहीत आहेच, जळगावचं त्याहून कमी नाही. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत गरम असतो. रविवारी सकाळी घर बघू नका, दुपारी तीनला जा. हॉलच्या छताखाली पंखा लावून दहा मिनिटं उभ्या राहा. सासूबाईंची खोली पश्चिमेच्या भिंतीला आहे का, ते बघा. कूलरला खिडकी कुठली, ग्रिल उघडतं का, बाहेर कूलर ठेवायची घोडी (स्टँड) लावू देतात का, जवळ प्लग आहे का, हे सगळं त्याच वेळी विचारा. दुपारी टाकीचं पाणी हात लावून बघा, अंघोळीला नळाचं पाणी कसं येणार ते लगेच कळेल.

पाणी किती दिवसाआड येतं, हे मालकाला नाही तर खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. बोअर आहे का, मोटार कोण चालू करतं, उन्हाळ्यात टँकर मागवला तर पैसे कसे वाटतात, हे त्याच सांगतील. कूलर रोज बादली-दोन बादल्या पितो.

गच्चीची चावी मिळेल का, हेही विचाराच. सासूबाई कुरडया-बिबड्या घालत असतील तर वाळवण टाकणार कुठे? आमच्या आधीच्या घरी मालकीणबाई गच्चीला कुलूप लावायच्या. दोन उन्हाळे आईचा जीव नुसता तळमळला.

आणि शाळा. नवी पेठेतून महाबळला जाताना हायवे ओलांडावा लागतो. शाळा घराच्या बाजूचीच बघा, लहान लेकराला रोज त्या ट्रकांमधून न्यायला नको.

देवपूरकर

मी धुळ्यात दोन खोल्या भाड्याने देतो, म्हणून मालकाच्या बाजूने. तुमच्यासारखी फाइल घेऊन कुणी आलं तर मी भाड्यात पाचशे कमी करायलाही तयार होतो. भाडं वेळेवर येईल आणि घर नीट राहील, एवढंच आम्हाला हवं असतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, त्यासाठी फोटो आणि आधारची एक जास्तीची प्रत ठेवा.

मांसाहाराचं फोनवरच सांगा, घर बघायच्याही आधी. ज्यांना चालत नाही ते तिथेच नाही म्हणतील आणि तुमचा रविवार वाचेल. खानदेशात चालतं म्हणणारे भरपूर आहेत.

लाइटचा स्वतंत्र मीटर आहे की सब-मीटर, ते नक्की विचारा. दोन घरं एका मीटरवर असली की युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि कूलर-फ्रिजच्या दिवसांत बिल अंगावर येतं. राहायला येताना मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, फरशी यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार की नाही, हे करारात आकड्यासकट हवं. जास्त भांडणं रंगावरूनच होतात.

शहादेकर (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी जायचं आणि खालच्या बाईंना विचारायचं, हे मला सुचलंच नसतं. मेव्हण्यांना आजच फोन करून मांसाहाराचं आणि नोंदणीचं दोन्ही सांगते. टोकनचं मात्र अजून कळलं नाही. रविवारपर्यंत घर थांबवायला काहीच द्यायचं नाही का?

गिरणाकाठ

बघितल्याशिवाय एक रुपयाही नको. आवडलं तर तिथेच हजार-दोन हजार द्या, पण मालकाच्या स्वतःच्या खात्यात, मेव्हण्यांच्या नाही. सोबत मेसेज टाका: अमुक फ्लॅटचं टोकन, डिपॉझिटमध्ये वळतं होईल, नोंदणीकृत करार झाला नाही तर परत. त्यावर मालकांचं "हो" आलं की मगच उरलेलं डिपॉझिट, तेही कराराच्या दिवशी. भाडं वर्षाला लाखाच्या पुढे जातंय, तेव्हा घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल तर मालकांचा पॅन नंबर त्याच वेळी मागून ठेवा.