सांगलीचा शंभर वर्षांतला (सरासरी शंभर वर्षांत एकदा येणारा) पूर काढायचाय, कोणती मोजणी केंद्रं धरू?

कृष्णाकाठी: नमस्कार मंडळी. एमटेकचा प्रोजेक्ट आहे. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळ्या हातात आहेत. शिवाय वारुंजी (कोयनेवर), समडोळी (वारणेवर), अर्जुनवाड, तेरवाड, कुरुंदवाड ही केंद्रीय जल आयोगाची केंद्रं. गाईड म्हणतात सगळी घे. खरंच?

जुना_मोजणीवाला: घे, पण सगळ्यांवर सारखा भरवसा नको. आयर्विनला फूट मिळतात, क्युसेक नाहीत. खाली हरिपूरला वारणा मिळते. ती भरून आली की कृष्णा तुंबते, आणि त्याच ४५ फुटांना विसर्ग कमी निघतो. त्या फुटांवर गंबेल (मोठे पूर किती वर्षांनी येतात ते काढायचं संख्याशास्त्रीय सूत्र) बसवलास तर उत्तर पातळीचं मिळेल, विसर्गाचं नाही.

आधी ताळा कर. अर्जुनवाड वारणेच्या संगमाखाली आणि नरसोबाच्या वाडीच्या, म्हणजे पंचगंगेच्या संगमाच्या वर आहे, तेरवाड पंचगंगेवर. दोघांची बेरीज त्या संगमाखालच्या कुरुंदवाडशी जुळायला हवी. फक्त कमाल विसर्गांची बेरीज करू नकोस, दोन्ही नद्या एकाच तासाला चढत नाहीत. अख्ख्या पुराचं घनफळ धर.

आणि आकडा आला कसा ते बघ. आमच्या वेळी मोठ्या पुरात होडी घालता यायची नाही. वरच्या अंगाला लाकडी फ्लोट सोडायचा, काठावरच्या दोन खुणांमध्ये किती सेकंद लागले ते घड्याळावर धरायचं, आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं. रात्री तेही नाही, मग रेटिंग कर्व्हचं (पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या आलेखाचं) टोक पट्टी लावून पुढे ओढायचं. सगळ्यात मोठे पूर नेमके त्या ओढलेल्या टोकावर असतात.

आडवाट: वारुंजी जपून. वर १०५ टीएमसीचं कोयना धरण आहे. तिथला वार्षिक कमाल विसर्ग पावसाइतकाच दरवाजे कधी उघडले त्यावर ठरतो. समडोळीलाही वर चांदोली धरण आहेच. धरणात येणाऱ्या पाण्याची नोंद मिळवून वेगळी मालिका करता आली तर बघा.

कृष्णाकाठी: २०१९ चे ५७.५ फूट आलेखात एकटेच वर दिसतात. आउटलायर (बाकीच्यांत न बसणारा आकडा) म्हणून काढू का?

जुना_मोजणीवाला: अरे बाबा, २००५, २०१९, २०२१. सोळा वर्षांत तीनदा घरात पाणी शिरलेल्यांना जाऊन सांग, एक काढलाय म्हणून! ठेव. शंका असेल तर त्या विसर्गात किती चूक असू शकते त्याची मर्यादा लाव, वरची-खालची.

कृष्णाकाठी: बरं. कुरुंदवाडचा ताळा आज रात्री बसवतो, इथेच टाकतो.

जुना_मोजणीवाला: टाक. त्याआधी मोजपट्टीचा शून्य मध्येच कधी बदललाय का, तेवढं बघ.