गॅरेटला ठेवलं, हंटरला सोडलं, ब्राउन्सना यंदा नक्की करायचंय तरी काय?

एरीकाठचा

जून २०२५, आपल्या क्लीव्हलँड ब्राउन्सचा (NFL, म्हणजे अमेरिकन फुटबॉल) मिनीकॅम्प संपला, ट्रेनिंग कॅम्पला अजून महिनाभर अवकाश, घरात या विषयावर बोलायला बंदी, म्हणून धागा काढतोय.

गेल्या सीझनला ३-१४. शेवटच्या सहा मॅच ओळीने हरलो. त्यावर फेब्रुवारीत आपल्या डिफेन्सचा हुकमी एक्का माइल्स गॅरेटने जाहीर सांगून टाकलं की मला ट्रेड करा, दुसऱ्या टीमला द्या, आणि मी तर मनातल्या मनात त्याला निरोपाचा नारळ देऊन मोकळा झालो होतो, मग मार्चमध्ये अचानक ४ वर्षं १६० मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट एक्स्टेन्शन आणि साहेब राहिले. मी पण खूश. २९ वर्षांच्या माणसावर एवढा पैसा ओतलात म्हणजे आत्ता जिंकायचंय, असा आपला साधा हिशोब.

आणि मग ड्राफ्टची रात्र, टीमनी पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडायची. दोन नंबरचा पिक (निवडीची पाळी) हातात, समोर ट्रॅव्हिस हंटर, हाइजमन (कॉलेज फुटबॉलचं सगळ्यात मोठं बक्षीस) जिंकलेला पोरगा, रिसीव्हर (पास झेलणारा) पण खेळतो आणि कॉर्नर (पास अडवणारा) पण, आणि आपण काय केलं तर तो पिक जॅक्सनव्हिलला देऊन पाचवर सरकलो. बदल्यात ३६ वा, १२६ वा आणि २०२६ चा त्यांचा पहिल्या राउंडचा पिक. म्हणजे लक्ष पुढच्या वर्षावर. मग गॅरेटला कशासाठी ठेवलंत? त्याला विकला असता तर पिकांचा ढीग आला असता. एका हाताने घर सजवायचं आणि दुसऱ्या हाताने पाडायचं, असं चाललंय. कुणी समजावून सांगेल का मला? आणि क्वार्टरबॅकचं (पास फेकणाऱ्याचं) बोलायचं असेल तर बोला, पण माझं डोकं शांत राहील याची गॅरंटी नाही.

आकडेवाली

दादा, ट्रेड चुकीचा नाहीये, तुला फक्त थांबायचा कंटाळा आलाय (तो मलाही आलाय). मेसन ग्रॅहम पाचवर मिळाला, ३३ ला लाइनबॅकर श्वेसिंगर आणि त्या ३६ व्या पिकवर क्विनशॉन जडकिन्स. म्हणजे पहिल्या ३६ मध्ये तीन पोरं आणि वर पुढच्या साली पहिल्या राउंडचे दोन पिक. या टीमला एका हिऱ्याने काही होणार नाहीये, भोकं किती आहेत बघ ना.

आणि यंदा मोठी खरेदी का नाही केली विचारशील तर उत्तर एकच, आपला क्वार्टरबॅक वॉटसन. कितीतरी लोकांना हे कळत नाही म्हणून सांगते. २३० मिलियन, सगळे गॅरंटीड. त्याचा मूळ पगार २०२३ पासून वर्षाला ४६ मिलियन. आपण काय करतो, दर वर्षी त्यातला मिनिमम सोडून बाकी सगळा बोनस म्हणून आत्ताच देऊन टाकतो आणि कॅपच्या (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) वहीत तो पाच वर्षांत विभागून लिहितो, त्यासाठी कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी खोटी वर्षं जोडायची ज्यात तो खेळणारच नाही. २०२३ ला केलं, २०२४ ला केलं, यंदा पण केलं. आजचं बिल उद्यावर, उद्याचं परवावर. यंदा लीगची कॅप टीममागे २७९.२ मिलियन आहे, ऐकायला केवढी वाटते, पण आपल्याकडे जो माणूस अकिलिस दोनदा फाटून घरी बसलाय त्याच्या नावाने त्यातला मोठा तुकडा आधीच गेलाय. तीन सीझनमध्ये १९ मॅच खेळला. एकोणीस.

अशा टीमने यंदाच सगळं पणाला लावायचं म्हणजे कर्ज काढून दिवाळी.

नारिंगी_हेल्मेट

आकडेवाली ताई, वहीतलं सगळं पटलं, पण गॅरेटचं वय वहीत मावत नाही.

मी १९९९ ला टीम परत आली तेव्हापासून बघतोय. २००७ ला आपण जो थॉमसला घेतलं, तिसरा पिक, लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणारा. या माणसाने सलग १०,३६३ स्नॅप (डाव) खेळले, एकही चुकवला नाही, तो पण असल्या टीमसाठी. २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) मॅच किती खेळला? एकही नाही. त्याच्या पहिल्या वर्षी १०-६ होतो तरी बाहेर राहिलो, आणि त्यानंतर बोलायलाच नको. दर ऑफसीझनला कुणीतरी म्हणायचंच, दोन वर्षं थांबा, पिक आहेत आपल्याकडे. ती दोन वर्षं कधी आलीच नाहीत. २०१६ ला १-१५, २०१७ ला ०-१६, लोकांनी जानेवारीच्या थंडीत स्टेडियमभोवती भोपळ्याची मिरवणूक काढली, त्यात मी पण होतो, पायाची बोटं अजून नीट नाहीत.

गॅरेट २०१७ चा पहिला पिक, म्हणजे ते ०-१६ पण त्याने भोगलंय. करिअरचे १०२.५ सॅक (समोरच्या क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं). त्याने ट्रेड मागितला तेव्हा मला राग नाही आला, मला जो थॉमस आठवला. म्हणून म्हणतो, ठेवलाय ना, मग त्याच्या समोर अजून दोन वर्षं थांबायची भाषा करू नका.

पिट्सबर्गी_शेजारी

शेजारधर्म म्हणून विचारतो, कुठले क्वार्टरबॅक विकायला काढलेत का? तुमच्याकडे गोडाऊन भरलंय म्हणे.

नारिंगी_हेल्मेट

तुम्ही ४१ वर्षांच्या क्वार्टरबॅक रॉजर्सला आत्ताच आणलाय ना, गप बसा. आणि गेल्या नोव्हेंबरची बर्फातली मॅच आठवा, २४-१९.

चौथा_डाउन

क्यूबीचा (क्वार्टरबॅकचा) विषय निघालाच तर घ्या. फ्लॅको ४० वर्षांचा, पिकेट ईगल्सकडून ट्रेडने आणलेला, तिसऱ्या राउंडला डिलन गॅब्रिएल, पाचव्याला शडूर सँडर्स १४४ वा. आणि जखमी वॉटसन वेगळा. १९९९ पासून ४० जणांनी आपल्यासाठी क्यूबी म्हणून मॅच स्टार्ट केलीये, गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचला झॅपी उभा राहिला तो चाळिसावा. एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्यूबी घ्यायचे याला मी प्लॅन म्हणत नाही, याला एकाच ड्रॉची दोन तिकिटं काढणं म्हणतात. मजा म्हणजे हंटर आणि सँडर्स कोलोरॅडोला एकाच टीममध्ये. हिरा सोडला आणि त्याचा मित्र उचलला.

पण मला सगळ्यांचा राग येतो तो वेगळ्या गोष्टीवर. इथे सगळे क्यूबी क्यूबी करतात, त्याला वाचवणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या लाइनकडे कोण बघणार? २०२० ला ११-५ झालो, प्लेऑफला पिट्सबर्गला त्यांच्या घरात ४८-३७ ने हाणलं (शेजारी, हाय), ते काय एकट्या तेव्हाच्या क्यूबी बेकरच्या हातामुळे नाही, ती लाइन भिंत होती, बिल कॅलहन शिकवायचा, आणि मागे बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक निक चब. २०२४ ला कॅलहन पोराबरोबर टेनेसीला गेला आणि लाइन अशी ढेपाळली की मागे एल्वेसारखा दिग्गज क्यूबी उभा केला असता तरी तो पण जमिनीवर दिसला असता. लाइनमधला बिटोनियो अजून आहे पण तो २०१४ च्या ड्राफ्टचा आहे हो. यंदा पहिल्या पाच पिकांत एकही लाइनमन नाही. उरलेल्यांत पण नाही. टॅकल नाही, गार्ड नाही, सेंटर नाही. मग ४१ वा कोण आणि ४२ वा कोण याने काय फरक पडतो, सगळ्यांच्या खांद्यांचं आणि गुडघ्यांचं तेच होणार.

कोच स्टेफान्स्कीला मी अजून एक वर्ष देईन. दोनदा कोच ऑफ द इयर, २०२० आणि २०२३, तो वेडा नाहीये. प्ले-कॉलिंग (कुठला डाव खेळायचा ते ठरवणं) परत स्वतःकडे घेतलंय ते बरं झालं.

एरीकाठचा

चौथा_डाउन, लाइनचं १०० टक्के मान्य. बेकरचं नाव काढलंस म्हणून मीठ चोळतो, गेल्या सीझनला टँपाला ४१ टचडाउन पास. आपण त्याला काढून ज्याला आणलं त्याचे आकडे वर ताईने दिलेच आहेत.

आणि अजून एक, हे मला रात्री झोपू देत नाही. वॉटसनसाठी पहिल्या राउंडचे तीन पिक ह्यूस्टनला दिले. त्यातला २०२३ चा पिक १२ वा, तो वापरून ते तीनवर गेले आणि विल अँडरसन घेतला. मग २०२४ च्या जानेवारीत आपण फ्लॅकोच्या जोरावर प्लेऑफला गेलो, समोर कोण, ह्यूस्टन, आणि ४५-१४ खाल्ले. आपल्याच पैशाने आणलेल्या काठीने मार. आता चब पण तिकडेच गेला. त्या बर्फातल्या मॅचला मी होतो, शेवटच्या मिनिटात दोन यार्डांवरून त्याने बॉल आत नेला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं होतं. एवढा मोठा गुडघा दुखवून परत आलेला माणूस, त्याला एक वर्ष ठेवायला काय जात होतं.

म्हणून पिक साठवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पिक आपल्याकडे नेहमीच असतात. त्यांचं काय होतं तेच तर बघत आलोय.

आकडेवाली

चबचं मलाही लागलं, पण भावना बाजूला ठेवली तर जडकिन्स आणि सॅम्पसन हे दोन रनिंग बॅक घेतल्यावर त्याला जागा नव्हती.

आणि ह्यूस्टनचं उदाहरण तू माझ्याच बाजूने दिलंस, कळतंय का? जास्तीचे पिक असले की काय करता येतं ते त्यांनी करून दाखवलं. आता तसे पिक आपल्या हातात आहेत. यंदा जॅक्सनव्हिल वाईट खेळली तर त्यांचा पिक पण वर येणार. मी यंदा जॅक्सनव्हिलच्या मॅच बघणार आहे, त्या हराव्यात म्हणून, असा छंद आयुष्यात लागेल वाटलं नव्हतं. कॉलेजचा क्यूबी आर्च मॅनिंगचं नाव आत्तापासून घेऊ नका मात्र, त्याने अजून कॉलेजमध्ये एक पूर्ण सीझन पण स्टार्टर म्हणून काढलेला नाही.

पहिल्या सहा मॅच बघितल्यात ना? बेंगल्स, रेव्हन्स, पॅकर्स, लायन्स, लंडनला वायकिंग्स आणि मग शेजारी. १-५ झालो तर फ्लॅको गेला बाकावर आणि पोरांची पाळी. लिहून ठेवा.

नारिंगी_हेल्मेट

त्यात पहिल्या दोन टीम तर आपल्याच घरातून गेलेल्या. आपला पहिला कोच पॉल ब्राउन, त्याला तेव्हाचा मालक आर्ट मॉडेलने १९६३ ला काढला, त्याने जाऊन बेंगल्स काढली. मग मॉडेलने १९९५ ला टीमच उचलायचं जाहीर केलं आणि ती बाल्टिमोरला रेव्हन्स झाली, पाच सीझनमध्ये सुपर बोल. आपल्याला १९६४ च्या विजेतेपदानंतर काही नाही. सासऱ्यांकडे त्या २७-० वाल्या मॅचचं तिकीट आहे जपून ठेवलेलं, जावयाला हात लावू देत नाहीत.

आता मालक ब्रूक पार्कला छताचं स्टेडियम बांधायला निघालेत, २.४ बिलियन. तळ्यावरचा वारा गेला तर आपल्याकडे राहिलं काय? म्युनी लॉटचं टेलगेट (मॅचआधीची पार्किंगमधली पार्टी) एअरपोर्टजवळ करायचं?

चौथा_डाउन

स्टेडियमचा वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल. मला छत चालेल, डिसेंबरला चार तास बसून बघा लहान पोराला घेऊन.

पिट्सबर्गी_शेजारी

चेष्टा बाजूला. गॅरेट दर वर्षी दोनदा आमच्या क्यूबीला भेटतो, तो गेला असता तर मी पेढे वाटले असते. एवढं सांगून जातो.

एरीकाठचा

हे पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोललास.

ताई, तुझं अर्धं पटलं. अर्धं नाही. १-५ झालं तर पोरांना खेळवा हे ठीक, पण त्यांच्यासमोर लाइन तीच असणार आणि गॅरेट नोव्हेंबरला ज्या तोंडाने बाकावर बसेल ते मला आत्ताच दिसतंय. बेंगल्सची पहिली मॅच घरी आहे, ७ सप्टेंबर, मी जाणारे. बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती इथे वाचत असेल तर, अगं, तिकीट आधीच काढलेलं होतं.