शनिवार-रविवारच्या सहलीसाठी ट्रीबेर्ग की ऱ्हाईनचा धबधबा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्रमैत्रिणी जर्मनीत कार्ल्सरूहे येथे शिकत आहोत. दोन वर्षे एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी राहिल्यानंतर जुलैपासून कुणी नोकरीसाठी तर कुणी प्रबंधासाठी असे चार वेगवेगळ्या शहरांत पांगणार आहोत. त्याआधी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वांनी मिळून एखादा मोठा धबधबा पाहून यावा, असे ठरले आहे. ब्लॅक फॉरेस्टमधील ट्रीबेर्गचा धबधबा 163 मीटर उंचीचा असून तो वाटेवरच आहे. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनजवळचा ऱ्हाईनचा धबधबा मात्र केवळ 23 मीटर उंच आहे आणि त्यासाठी बरेच पुढे जावे लागते. त्यामुळे 23 मीटरांसाठी एवढा प्रवास कशाला, असे आमच्यापैकी दोघांचे म्हणणे आहे.

आमच्याकडे डॉइचलांड-टिकीट, म्हणजे जर्मनीभर फक्त स्थानिक व प्रादेशिक गाड्यांत चालणारे मासिक तिकीट आहे, त्यामुळे वेगवान गाड्या वापरता येणार नाहीत. एका मैत्रिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे तिला फार चढ-उतार जमणार नाही. आणखी एकाचे निवास परवान्याचे कार्ड अद्याप हाती आलेले नाही, पारपत्रात फक्त जर्मनीचा राष्ट्रीय (दीर्घ मुदतीचा) व्हिसा आहे. ज्यांनी हे दोन्ही धबधबे पाहिले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

मी तीन वर्षे कॉन्स्टान्सला राहत होतो आणि हे दोन्ही धबधबे वेगवेगळ्या ऋतूंत पाहिले आहेत. जूनमध्ये जाणार असाल, तर माझे मत निःसंशय ऱ्हाईनच्या बाजूने आहे.

या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. ट्रीबेर्गची 163 मीटर उंची ही एका उडीची नाही. गुटाख नावाची लहानशी नदी जंगलातून टप्प्याटप्प्याने उतरते आणि त्या सर्व टप्प्यांची ती बेरीज आहे. ऱ्हाईनचा धबधबा उंचीने ठेंगणा असला तरी सुमारे 150 मीटर रुंद आहे, आणि तेथे उन्हाळ्यात सरासरी 600 घनमीटर पाणी दर सेकंदाला कोसळते. हिवाळ्यात हाच आकडा 250 च्या आसपास येतो. आल्प्समधील बर्फ वितळून ते पाणी कॉन्स्टान्सच्या सरोवरात येते, आणि ऱ्हाईन जेथून बाहेर पडते त्या सरोवराच्या तोंडाशी धरण नसल्यामुळे सरोवर चढले की नदीही चढते. म्हणूनच जून-जुलै हा तेथे जाण्याचा खरा काळ आहे. मी पहिल्यांदा जानेवारीत गेलो होतो, तेव्हा धबधबा पाहिल्याचे समाधान मिळाले. जूनमध्ये गेलो, तेव्हा बराच वेळ कुणीच कुणाशी बोलले नाही.

तेथे दोन काठ आहेत आणि दोन्ही पाहिले पाहिजेत. उत्तरेचा नॉयहाउझेनचा काठ सपाट आहे. तेथून पूर्ण रुंदी एका नजरेत मावते, आणि उन्हाळ्यात तेथूनच नावा प्रवाहाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या सुळक्यापर्यंत जातात. दक्षिणेला लाऊफेनचा वाडा आहे. त्या बाजूला प्रवेशशुल्क आहे, तरी ते वाचवू नका, कारण वाड्याखालचे सज्जे थेट पाण्याला भिडलेले आहेत. सर्वांत खालच्या सज्जात कठड्याला टेकून उभे राहिले की पाण्याची हिरवी धार हाताच्या अंतरावर वळताना दिसते, ती फुटून पांढरी होते ती नेमकी जागा दिसते, आणि दोन मिनिटांत चष्म्याच्या काचा तुषारांनी भरून जातात. खिशातील कागदी तिकीट लगदा होऊन बाहेर निघाले होते, तेव्हा पारपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

आपल्या मैत्रिणीसाठी सांगतो, लाऊफेनच्या बाजूला उद्वाहक आहे, त्यामुळे बरेचसे उतरणे टळते. नदीमधील सुळक्याच्या पायऱ्या मात्र अरुंद, उभ्या आणि ओल्या असतात. तेथे तिने जाऊ नये, आणि ती खाली एकटी थांबणार नाही, याची व्यवस्था आधीच ठरवून घ्यावी.

उत्तर 2

वरील उत्तरातील माहिती योग्य आहे, परंतु ट्रीबेर्गला असे एका वाक्यात बाजूला सारणे मला पटत नाही. उंच फरवृक्षांच्या सावलीत, पाण्याच्या कडेकडेने एकेक टप्पा चढत जाताना मित्रांशी गप्पा मारता येतात, आणि ऱ्हाईनच्या गर्जनेत नेमके तेच अशक्य होते. ज्या चौघांना निरोप घ्यायचा आहे, त्यांनी याचाही विचार करावा. अर्थात, ट्रीबेर्गचे स्थानक गावाच्या खाली आहे, तेथून धबधब्यापर्यंतची वाट चढाची आहे आणि पुढेही चढच आहे, त्यामुळे गुडघ्याची अडचण असताना मी आग्रह करणार नाही. कोरड्या उन्हाळ्यात गुटाखचे पाणी बरेच रोडावते, हेही खरे आहे. पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी जाण्यासाठी ही जागा राखून ठेवा.

उत्तर 3

कागदपत्रे आणि परतीचा प्रवास, एवढ्याच दोन गोष्टींबद्दल लिहिते.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे व्हिसाचे समान नियम पाळणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे जर्मनीचा निवास परवाना किंवा वैध राष्ट्रीय व्हिसा असणाऱ्याला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत तेथे जाता येते आणि वेगळा व्हिसा लागत नाही. ज्याचे कार्ड आलेले नाही, त्याने व्हिसाची मुदत सहलीच्या दिवशी शिल्लक आहे ना, हे तारखेसह तपासावे. मूळ पारपत्र प्रत्येकाने जवळ बाळगावे, कारण गाडीत तपासणी होऊ शकते आणि भ्रमणध्वनीतील छायाचित्र चालत नाही. परदेशातही घरच्याच दरात मोबाइल वापरू देणारा युरोपीय संघाचा रोमिंगचा नियम स्वित्झर्लंडला लागू नाही, म्हणून आपल्या सिमकार्डाची योजना पाहून घ्यावी, अन्यथा सीमा ओलांडण्यापूर्वी डेटा बंद करावा.

आपले तिकीट झिंगेन या सीमेजवळच्या जर्मन शहरामार्गे शाफहाउझेनपर्यंत चालते. पुढच्या थोड्या अंतरासाठी स्थानिक गाडीचे किंवा बसचे तिकीट वेगळे काढावे लागते, किंवा नदीच्या काठाने पाऊण तास चालत जाता येते. आम्ही पाच जणी ऑक्टोबरमध्ये गेलो असताना रविवारी संध्याकाळी झिंगेनहून सुटणारी आमची गाडी रुळांच्या कामामुळे रद्द झाली आणि पर्यायी बसने पोहोचेपर्यंत पुढची गाडी निघून गेली. फलाटावर तीन तास थंडीत काढताना एकीला ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. मला आजही त्याचे वाईट वाटते, कारण परतीची वेळ मीच निवडली होती. म्हणून जाताना उशीर झाला तरी चालेल, परंतु येताना शेवटच्या गाडीच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी राहतील अशीच वेळ धरा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही ऱ्हाईन निश्चित केला आहे. शनिवारी पहाटे निघून रात्री झिंगेनलाच मुक्काम करायचा आणि रविवारी दुपारीच परतीला लागायचे, असा बेत आहे. नदीतील सुळक्यावर कुणीच जायचे नाही, असे आम्ही चौघांनी मिळून ठरवले आहे. जिचा गुडघा दुखतो, तिने यावर बराच वाद घातला, पण तो ती हरली. आता एकच शंका उरली आहे. कार्ल्सरूहे ते झिंगेन या जवळपास तीन तासांच्या प्रवासात कोणत्या बाजूला बसावे?

उत्तर 1

बाजूचा विचार करू नका, कारण हॉर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन या टप्प्यात मार्ग इतकी वळणे घेतो की दरी कधी डावीकडे येते, कधी उजवीकडे. रोबेर्ट गेर्विग या अभियंत्याने आखलेला हा मार्ग 1873 मध्ये पूर्ण झाला. चढ सौम्य राहावा म्हणून त्याने रूळ डोंगरातून वळसे देत नेले, त्यामुळे बोगद्यांमागून बोगदे येतात.

मात्र इमेंडिंगेन स्थानक आले की कुणाला झोपू देऊ नका. तेथे डॅन्यूब नदी रुळांच्या सोबतीला असते, आणि त्याच परिसरात तिचे पाणी चुनखडीच्या तळातील भेगांतून जमिनीत जिरते. कोरड्या दिवसांत तर पात्र पूर्ण आटलेले दिसते. हे पाणी जाते कुठे, हे पाहण्यासाठी 1877 मध्ये त्यात रंग आणि कित्येक टन मीठ मिसळण्यात आले, आणि ते सुमारे 12 किलोमीटरांवरच्या आख येथील झऱ्यातून बाहेर आले. तो झरा पुढे कॉन्स्टान्सच्या सरोवराला मिळतो आणि सरोवरातून ऱ्हाईन निघते. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेल्या डॅन्यूबच्या पाण्याचा एक वाटा शेवटी याच धबधब्यावरून कोसळतो. गाडीच्या खिडकीतून ती नदी नीट पाहून घ्या. लाऊफेनच्या सज्जात उभे राहाल, तेव्हा समोरच्या पाण्यात थोडी तीही असेल.