फुटलेली काच, मुले आणि आपण

सचिव : सोसायटीच्या सर्व सदस्यांना नमस्कार. रविवारी सायंकाळी पार्किंगमध्ये चेंडू लागून बी-२०३ यांच्या गाडीची मागची काच फुटली. चार दिवस झाले तरी एकाही मुलाने कबुली दिलेली नाही. त्यामुळे सीसीटीव्हीचे चित्रण आज रात्री ग्रुपवर टाकावे, अशी काही सदस्यांची सूचना आहे.

सी-१०१ : अवश्य टाकावे. आमच्या लहानपणी एका चपराकीत खरे बाहेर येत असे.

ए-४०२ : काका, आपल्या वयाचा मान ठेवून माझा अनुभव सांगते. माझा मुलगा तिसरीत असताना सासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली. भांडी बाजारातून त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी आणलेली ती बरणी होती, त्यामुळे मी तासभर त्याला बोलत राहिले आणि तो मात्र ‘मी नाही फोडली’ हेच म्हणत राहिला. रात्री दप्तर भरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे सापडले. गणिताच्या वहीवर तेल उतरले होते आणि मेथी-मोहरीचा वास येत होता. त्याची उजवी मूठ मी उघडली, तेव्हा तर्जनीवर चिरलेले दिसले. दुपारपासून त्याने ते बोट खिशात लपवले होते. तिखट लागलेल्या जखमेची आग त्याला सोसवली, पण माझ्यासमोर खरे बोलणे सोसवले नाही. आजीच्या पानात लोणच्याची फोड वाढायला तो गेला होता, हे मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून कळले.

त्याच आठवड्यात भाजीच्या सुट्ट्या पैशांतले दहा रुपये त्याने न विचारता घेतले होते आणि त्यावर मी एक शब्दही बोलले नव्हते. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाकडून दार उघडताना नकळत १५ कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नसताना कपाटातला जॅम काढू पाहतो आणि त्याच्याकडून एक कप फुटतो. अधिक वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुले बहुधा १५ कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत. मोठी मुले मात्र हेतू पाहत. हे वाचले तेव्हा मला जाणवले, की मीही नुकसानीच्या किमतीवरून राग ठरवत होते. तेव्हापासून घरात काही फुटले, की मी आधी ‘लागले का?’ एवढेच विचारते. हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षे लागली, आणि त्यालाही पुन्हा विश्वास वाटायला जवळपास तेवढीच.

ए-३०१ : वहिनींशी मी सहमत आहे. मी ३१ वर्षे शिकवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. जे वर्गात चालत नाही, ते शंभर घरांच्या ग्रुपवर कसे चालेल?

सी-१०१ : मुद्दा पटतो. परंतु भरपाईचे काय? आणि मुलांनी पार्किंगमध्ये खेळायचेच कशाला?

ए-४०२ : भरपाई व्हायलाच हवी, काका. खेळाचे म्हणाल, तर अनंत कान्हेरे मैदान येथून लांब आहे आणि आठ-नऊ वर्षांची मुले तेथे एकटी जाऊ शकत नाहीत. माझी विनंती एवढीच आहे, की शनिवारी सायंकाळी ७ ते ८ या वेळेत बी-२०३ यांनी सोसायटीच्या कार्यालयात बसावे आणि मुलांना पालकांशिवाय आत जाऊ द्यावे. पालक शेजारी असले, की मूल समोरच्याला उत्तर देण्याऐवजी आपल्या चेहऱ्याकडे पाहते.

बी-२०३ : मी बसेन. काचेचा खर्च ४,२०० रुपये आहे. तो सर्व खेळाडूंच्या घरांत वाटून घ्यावा आणि प्रत्येक मुलाने त्यात खाऊच्या पैशांतून थोडे घालावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सचिव : चित्रण टाकले जाणार नाही. शनिवारी ७ वाजता कार्यालय उघडे राहील.

बी-२०३ : शनिवारपर्यंत थांबावे लागणार नाही, असे दिसते. आताच दाराची बेल वाजली. बाहेर तिघे जण उभे आहेत आणि त्यांच्या हातात चेंडूही आहे.