ऐंशी लिटरच्या रीफ टँकसाठी सात मासे : यादीची चिरफाड करा

खारट (धागाकर्ता)

रीफ टँक म्हणजे कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी. माझी टाकी ६० सेंमी लांब, ३५ रुंद, ४० उंच. कागदावर ८४ लिटर, पण दगड आणि वाळू वजा केली की पाणी जेमतेम ७० लिटर भरतं. सायकल (माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत तयार होणं) पूर्ण झाली आहे, गेले तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. कोरलमध्ये झोआ, मशरूम आणि एक छोटा हॅमर. हलणारं म्हणाल तर फक्त गोगलगायी आणि चार हर्मिट खेकडे.

आता मासे. माझी यादी अशी : ओसेलारिस क्लाउनची जोडी, रॉयल ग्रामा, फायरफिश, पिवळी वॉचमन गोबी (सोबत पिस्टल श्रिंप), सिक्सलाइन रॅस आणि मँडरिन. एकूण सात. सगळे 'रीफ सेफ', एकही तळहाताएवढा होत नाही, आणि कोण कोणासोबत जमतो त्या कोष्टकात सगळ्यांसमोर हिरवी खूण आहे. काही चुकतंय का?

---

ओहोटी

चुकतंय, आणि बरंच चुकतंय. सात नाही, तीन. क्लाउनची जोडी आणि गोबी. बाकी यादी चार वर्षांनी मोठी टाकी घ्याल तेव्हासाठी जपून ठेवा.

'रीफ सेफ'चा अर्थ एवढाच की मासा कोरल खात नाही. शेजाऱ्याला तो कसा वागवेल याबद्दल त्या शब्दात काहीही नाही. सिक्सलाइन शंभर टक्के रीफ सेफ आहे, कोरलला बोटही लावणार नाही. तुमच्या फायरफिशला मात्र जगणं नकोसं करेल.

दुसरं, ७० लिटर पाणी म्हणजे काय ते समजून घ्या. रोज एक लिटर वाफ होऊन गेलं आणि तीन दिवस तुम्ही टॉप-अप (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी भरणं) करायला विसरलात, तर ३५ ची सॅलिनिटी (दर हजार भागांत मीठ किती) साडेछत्तीसच्या वर जाते. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. मोठ्या टाकीत हीच चूक अंगावर येत नाही. त्यात सात तोंडांना खायला घालायचं, सात जणांची घाण उपसायची. एक मासा दगडामागे मेला आणि दोन दिवस दिसला नाही तर काय होईल, याचा विचार केलाय?

---

जुनी_बादली

ओहोटींशी अर्धी सहमत. मँडरिन आणि सिक्सलाइन काढाच. पण 'तीन' हा आकडा मला पटत नाही. छोट्या टाकीत मासे किती यापेक्षा कोण कुठे राहतो हे महत्त्वाचं. तीन मासे एकाच गुहेवर हक्क सांगणारे निघाले तर तिघेही जखमी होतील. पाच मासे पाच ठिकाणी राहणारे असतील तर त्यांची गाठच पडत नाही.

खारट यांची यादी त्या नजरेने बघा. गोबी वाळूवर. ग्रामा दगडाच्या छताखाली. पोट दगडाकडे करून उलटा तरंगतो, नवखे लोक मासा मेला म्हणून घाबरतात. क्लाउन एक कोपरा पकडतात आणि जन्मभर तिथेच डुलत राहतात. फायरफिश त्याच्या बिळाच्या वर मधल्या पाण्यात. चार घरं, चार पत्ते. माझ्या मते हे पाच मासे ७० लिटरमध्ये राहू शकतात, पाणी बदलायचा आळस नसेल तर.

त्या गोबी-श्रिंपच्या जोडीसाठी तर मी बाकी सगळे मासे सोडून देईन. श्रिंपला जवळपास दिसतच नाही. ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते, आणि एक मिशी सतत गोबीच्या शेपटीवर टेकवलेली. काही हललं की गोबी शेपटी झटकते आणि श्रिंप क्षणात आत. मी एकदा काचेवर नुसती सावली पाडून बघितली होती. नंतर तिची कीव आली, पुन्हा केलं नाही.

एक मात्र करा : दगड वाळूवर ठेवू नका, थेट तळाच्या काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू घाला. श्रिंप पाया पोखरते. रात्री दगड कोसळला की काच किंवा मासा, एक काहीतरी जातं.

---

बुडबुडा

सिक्सलाइनला विनाकारण बदनाम करताय. माझ्याकडे चार वर्षं आहे. दिवसभर दगडाच्या फटींतून किडे टिपत फिरतो, चपट्या अळ्यांचा त्रास त्यानेच संपवला. टाकीत सगळ्यात जिवंत मासा कोणता विचाराल तर तोच. गोबी आठवड्यातून दोनदा तोंड दाखवते, क्लाउन एका जागी डुलतात. हलणारं काहीतरी हवं ना?

---

जुनी_बादली

@बुडबुडा, चार वर्षांत त्याच्यासोबत आणखी कोण कोण आहे?

---

बुडबुडा

क्लाउनची जोडी.

बाकी कोणी टिकलं नाही. पण त्याला वेगळी कारणं होती.

---

ओहोटी

😀 कारणांची यादी द्या, आम्ही 'सिक्सलाइन' लिहून परत देतो.

गंमत सोडा. हा मासा पहिला टाकला तर पूर्ण टाकी त्याची होते, आणि नंतर येणारा प्रत्येक जण घुसखोर ठरतो. ६० सेंमी त्याच्यासाठी एक गल्ली आहे, टोकापासून टोकापर्यंत पहारा देतो. १२० सेंमीच्या टाकीत, सगळ्यात शेवटी टाकून, नीट वागलेला मी पाहिलाय. पण तिथेही खात्री नाही.

---

शिंपला

मँडरिनबद्दल थोडं बोलते, कारण इथे सगळे एका वाक्यात त्याला हाकलतात. टाकीत पैदास झालेले मँडरिन आता मिळतात आणि ते फ्रोझन, काही तर दाणासुद्धा खातात. माझा खातो. मागच्या बाजूला छोटं रिफ्यूजियम (माशांपासून वेगळा ठेवलेला कप्पा) आहे, त्यात कीटोमॉर्फा शेवाळ, कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) तिथे वाढतात आणि पंपातून टाकीत येत राहतात. त्यामुळे 'छोट्या टाकीत मँडरिन म्हणजे उपासमार' हे सरसकट खरं नाही.

---

जुनी_बादली

शिंपलाताई, तुमच्या टाकीत क्लाउन आहेत का? बहुधा नसावेत. मँडरिन खाण्याकडे बघतो, मान तिरकी करतो, विचार करतो, मग टिपतो. तेवढ्यात क्लाउनने तीन घास उरकलेले असतात. दाणा खातो म्हणजे पुरेसा खातो असं नाही. तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड टिपणारा प्राणी आहे, तुम्ही दोन वेळा घातलेल्या खाण्यावर जगणारा नाही. नव्या टाकीत ते कोपेपॉड असतातच कुठे? खारट यांची सायकल नुकती झालीय.

वरून बघा म्हणजे कळतं. डोक्यामागे अंग खपाटीला गेलं असेल तर तो उपाशी आहे, रंग कितीही झळाळत असला तरी. आणि रंग शेवटपर्यंत झळाळतो, तीच फसगत.

---

शिंपला

माझ्याकडे क्लाउन नाहीत, बरोबर ओळखलंत. एक मँडरिन आणि एक निऑन गोबी, बस्स. म्हणजे मी त्याच्यासाठी टाकी बांधली, टाकीत त्याला बसवलं नाही. खारट यांना तसं करायचं असेल तर यादी दोन माशांचीच होईल, हे मान्य. पण 'अशक्य' म्हणू नका, एवढंच.

---

पाणसाप

एवढी डोकेफोड कशाला? पाच हिरवे क्रोमिस घ्या. थव्याने फिरतात, शांत असतात, सुंदर दिसतात.

---

ओहोटी

थवा समुद्रात. टाकीत पाचाचे चार, चाराचे तीन. सगळ्यात दुबळ्याला बाकीचे टोचत राहतात, तो गेला की पुढचा नंबर. शेवटी एकच जाडजूड क्रोमिस उरतो आणि मालक म्हणतो, मासे कुठे गेले कळलंच नाही.

---

खारट

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय. ग्रामाऐवजी बँगाई कार्डिनल कसा? शांत वाटतो. आणि जोडी घेतली तर?

---

जुनी_बादली

शांत आहे, एक असेल तर किंवा जमलेली जोडी असेल तर. चार-पाच घेऊन ठेवलेत तर जोडी जमल्यावर ते दोघं बाकीच्यांना मारतील. नर अंडी तोंडात धरतो, तेवढे दिवस खात नाही आणि पिल्लं तयार होऊनच बाहेर पडतात. म्हणून घरच्या टाकीतही त्याची पैदास जमते.

एक विनंती. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बँगाई बेटांच्या आसपासचाच. पिल्लं पाण्यात वाहत दूर जात नाहीत, त्यामुळे एका ठिकाणचे उपसले की दुसरीकडून भरून येत नाहीत. आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) २००७ मध्ये त्याला धोक्यातल्या प्रजातींत टाकलं. घ्यायचाच तर टाकीत वाढलेला घ्या. तो खाण्यालाही सरावलेला असतो, हा वरचा फायदा.

---

ओहोटी

इथे मात्र बादलींना शंभर टक्के अनुमोदन. क्लाउनलाही तेच लागू. टाकीत वाढलेले दोन लहान ओसेलारिस एकत्र घ्या, एक किंचित मोठा असेल तर उत्तम. मोठा होतो तो मादी बनतो, दुसरा नर राहतो. उद्या मादी मेली तर नरच मादी होतो. म्हणून दोन मोठे क्लाउन आणून 'जोडी' बनवायला जाऊ नका, दोन्ही माद्या निघाल्या तर युद्ध पेटेल. आणि अॅनेमनी आणू नका, क्लाउनला टाकीत तिच्यावाचून काही अडत नाही. ती मात्र फिरते, पॉवरहेडमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) अडकते आणि एका रात्रीत सगळं पाणी नासवते.

क्वारंटाइनचंही कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. माशांवर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) आले तर रीफ टँकमध्ये तांब्याचं औषध घालता येत नाही, श्रिंप आणि गोगलगायी मरतात, कोरलही जातात. मग मासे बाहेर काढायला सगळे दगड उचला. एक साधी वेगळी टाकी, एक हीटर, एक स्पंज फिल्टर, दोन पाइपचे तुकडे. एवढं आधी करा, मग मासे आणा.

---

खारट

ठरलं (बहुतेक). मँडरिन आणि सिक्सलाइन बाद. बँगाईही नको, ग्रामाच. उरले पाच : फायरफिश, गोबी-श्रिंप, ग्रामा, क्लाउनची जोडी. याच क्रमाने, म्हणजे भित्रा आधी आणि दादागिरीवाले शेवटी, प्रत्येकात तीन आठवडे. चालेल?

---

ओहोटी

क्रम बरोबर, यादी अजूनही एकाने जास्त. ग्रामा आणि फायरफिश दोघांनाही बीळ लागतं, आणि तुमच्याकडे दगडांचा एकच ढीग आहे. दोघांपैकी एक.

---

जुनी_बादली

एक ढीग असेल तर दोन करा, मधे वाळूची पट्टी सोडून. एकाला दुसरा दिसला नाही म्हणजे झालं. फायरफिश तीन आठवडे आधी येतोय, त्याचं बीळ ठरलेलं असेल. मला तरी धोका ग्रामाचा वाटत नाही, क्लाउनची मादी मोठी झाल्यावर तिचा वाटतो. तेव्हा ती कोपऱ्यावरून अर्ध्या टाकीवर येते.

---

ओहोटी

म्हणजे दोन वर्षांनी मी बरोबर ठरणार.

---

बुडबुडा

फायरफिशवर वाद घालताय आणि टाकीला झाकण आहे की नाही हे कोणीच विचारलं नाही. माझा पहिला फायरफिश सकाळी स्टँडच्या मागे सापडला, कागदासारखा वाळलेला. (हो, सिक्सलाइनने पळवला असेल. आता बोला.) मागच्या बाजूला पाइपसाठी तीन बोटांची फट होती, तेवढी त्याला पुरली.

---

खारट

झाकण नाही. वर उघडीच आहे, लाइट टांगलेला आहे.

उद्या जाळीसाठी माप घेतो. पाइपच्या फटीसकट.