मंत्रीपद भोगून झालं, आता परत क्रांती?

कॅम्पातला ड्रमर: ऑस्ट्रेलियाच्या मिडनाइट ऑइल या रॉक बँडच्या 'मकराटा प्रोजेक्ट' अल्बमला काल इथं कुणीतरी "रिटायर पुढाऱ्याचा टाइमपास" म्हटलंय, वाचून डोकंच फिरलं. अरे २००२ नंतर थेट २०२० ला नवीन रेकॉर्ड, सातच गाणी, प्रत्येकात तिथले आदिवासी कलाकार, वर बँडनं आपला वाटा त्यांच्याच कामाला दिला. आणि काय पाहिजे?

निपाणीकर: लिहिणारा मीच. १९८४ ला त्यांचा गायक पीटर गॅरेट अणुविरोधी पक्षातून सिनेटला उभारला होता, बरोबर? मग २००९ ला पर्यावरणमंत्री म्हणून फोर माइलच्या युरेनियम खाणीला मंजुरी कुणी दिली, माझ्या काकानं?

कॅम्पातला ड्रमर: आणि सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात पंतप्रधानासमोर 'सॉरी' लिहिलेले कपडे घालून वाजवले ते विसरलास व्हय? तो हॉवर्ड आदिवासींची माफी मागायला तयार नव्हता. २००८ ला ज्या सरकारनं संसदेत मागितली त्यात हा मंत्री होता की. बाहेर बसून शिव्या द्यायला काय जातंय.

शिवारातली: तिकडच्या जमिनीच्या गाण्यानं तुमच्या अंगावर काटा येतो. इथं बायपासला आमचं तिबार पिकाचं शेत गेलं, पोटरीला आलेलं भात जेसीबीखाली, आज्जी बांधावरनं उठंना, तिला दोघींनी धरून आणलं. आणि त्याच आठवड्यात तुम्ही गॅदरिंगला "जमीन परत द्या" वाजवत होता. शिट्ट्या पडल्या म्हणे.

कॅम्पातला ड्रमर: ताई, आम्ही येत होतो. परवानगी नाही म्हणून नाक्यावरच टेम्पो अडवले.

शिवारातली: चालत यायचं. ड्रम राहू दे, माणसं पाहिजे होती.

येळ्ळूरचा: सोडा ते ऑस्ट्रेलिया. २००४ ला आपला सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, त्याच वर्षी हा गॅरेट गडी तिकडं खासदार म्हणून निवडून आला. मंत्री झाला, २०१३ ला घरी गेला, अल्बम काढून मोकळा झाला, आपलं अजून तारीख पे तारीख. आणि आपले पोवाडेवाले? डफ खाली ठेवला की तिकिटाच्या लाइनीत, एका मतदारसंघात एकीकरण समितीचे दोन दोन उमेदवार.

निपाणीकर: हेच म्हणालोय की मी! गाणाऱ्यानं खुर्चीत बसूच नये.

येळ्ळूरचा: तसं नाही म्हणालो. बसावं, पण निवडून येऊन बसावं. आमचे तेवढंही करंनात.

कॅम्पातला ड्रमर: विषय अल्बम आहे हो. रिलीज होऊन आठवड्यात बेसिस्ट बोन्स हिलमन गेला, त्याच्याबद्दल एक ओळ नाही कुणाची.

निपाणीकर: बरं बाबा, परत ऐकलो. ॲलिस स्कायचं गाणं चांगलंय, तिच्यामुळं. पण अल्बम तिथं एक नंबरला गेला म्हणून नाचू नको, २०२३ च्या सार्वमतात साठेक टक्के लोकांनी आदिवासींच्या, संसदेला सल्ला देणारं आपलं मंडळ पाहिजे या मागणीला नाहीच म्हटलं.

कॅम्पातला ड्रमर: मग ती चूक बँडची?

शिवारातली: तुमचं चालू द्या. सोमवारी कलेक्टर ऑफिसला मोर्चा आहे, टेम्पो पाठवा, रिकामा. म्हातारी माणसं बसवायची आहेत.