"मानमोडीच्या साली गुरं राखाले लागलो": आजोबांच्या वहीतलं लहानपण समजून घ्यायचंय

मृगसर:
नमस्कार मंडळी. माझं माहेर काटोल तालुक्यातलं, सध्या नागपुरात असते. आमचे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, १९८६ साली गेले. त्यांची एक वही काकांकडे आहे. बहुतेक पानं उसनवारीच्या हिशेबाची, पण मधली काही लहानपणाची आहेत, पेन्सिलीनं, आठवेल तसं लिहिलेली. काकांनी फोटो पाठवले तेव्हापासून मी त्यातच अडकले आहे. घरातल्या पोरांसाठी हे नीट लिहून ठेवायचंय, पण अर्ध्या गोष्टींचा संदर्भच लागत नाही. काही वाक्यं जशीच्या तशी देते:

"मानमोडीच्या साली शाळा सुटली. गुरं राखाले लागलो. सकाळी आखरावर जा लागे."
"बापानं दिढीनं जवार आनली. ते दोन साल फिटली नाई."
"आज्याच्या टायमाले बणी होती. बाप जरी पेरे."
"बाई सासरी गेली. मंग दळाले माय एकटीच."

घर मालगुजाराच्या (म्हणजे सरकारात सारा भरणाऱ्या गावमालकाच्या) गावातल्या कुळाचं, जमीन बारा एकरांच्या आसपास. जन्मतारीख कुठेच नाही. हे साल कोणतं? तेव्हा आबाजींचं वय किती असेल? त्या वयाच्या पोराचा दिवस कसा जात असेल? आणि कागद शोधायचे तर कुठे? जाणत्यांनी सांगावं.

इतवारीकर:
साल पक्कं सांगता येतं. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जीवघेणी लाट सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली, आणि सगळ्यात जास्त माणसं गेली त्या प्रांतांत आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. म्हणजे साथ आली ती ऐन खरिपाच्या कापणीत आणि रब्बीच्या पेरणीत, जेव्हा प्रत्येक हात शेतात लागतो. शाळेतून काढून गुरांमागे लावलं म्हणजे पोरगा आठ-दहा वर्षांचा असणार. जन्म १९०८ ते १९१० धरा.

डवरेवाला:
ताई, आबाजींची ही चार वाक्यं वाचली अन् आमचे बाबाच बोलतात असं वाटलं. माझा जन्म १९४७ चा. बाबा तुमच्या आबाजींच्याच बरोबरीचे, गाव कोंढाळीच्या बाजूला. लहानपणी त्यांच्यासोबत जागलीला शेतात जायचो, रात्रभर रानडुकरं हाकलायची अन् बाबांनी जुन्या गोष्टी सांगायच्या. जे ऐकलं ते लिहितो. मोठं होईल, पण होऊ द्या, हे सांगणारे आता फार थोडे उरलेत.

आधी आखर. गावाबाहेर गुरं जमवायची जागा ती आखर. सकाळी घरोघरची गुरं तिथं सोडायची अन् गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ती रानात न्यायचा. आमच्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या गोवारी लोकांचं. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन त्यांच्याच हातून व्हायचं. मानमोडीत आमच्या गावचा गायकी अन् त्याचा मोठा पोरगा आठवड्याच्या आत गेले. मग गुरं न्यायची कोणी? घरोघरच्या पोट्ट्यांनी. बाबा असेच लागले. तुमच्या आबाजींचंही असंच झालं असेल, कारण एरवी बारा एकरवाला कूळ आपलं शाळेतलं पोरगं काढून गायकीच्या कामाला लावत नसे.

दिवस सुरू व्हायचा जात्याच्या आवाजानं. माय अन् मोठी बहीण पहाटेच दळायला बसायच्या, कारण दिवसाची भाकर दिवसालाच दळावी लागे. पोराचं काम शेण काढणं, गोठा झाडणं, बैलांना कडबा टाकणं. मग रात्रीची शिळी भाकर, वर जवसाची चटणी, की आखरावर. रानात बोरं, चारं, टेंभरं, जे मोसमात मिळेल ते. पावसाळ्यात डोक्यावर घोंगड्याची खोळ, अन् पाय उघडे. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल ज्यांनी तुडवला आहे त्यांना सांगायला नको, पावसाळाभर गाडीवाट बंदच असे. संध्याकाळी अंबाडीची भाजी किंवा लाखोळीचं वरण अन् भाकर. काटोलकडचा भाग कापूस-जवारीचा, भात पिकायचा तो तिकडे रामटेक-भंडाऱ्याच्या बाजूला. म्हणून आमच्या घरी भात सणाचा, गव्हाची पोळीही सणाचीच. बाबा नव्वदीत होते तरी ताटात पोळी पडली की "आज काय आहे?" म्हणून विचारायचे.

पोरांचं खरं काम मृगाच्या आधी सुरू व्हायचं. वखरणी झाली की धसकटं वेचायची. मग सरकी चोळायची. हे आजच्या पोरांना माहीतच नाही. आता बियाणं पाकिटातून येते, तेव्हा जिनातून, म्हणजे रुई अन् सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, आलेल्या सरकीला रुई चिकटलेली असायची. तशीच पेरली तर बी एकमेकांत गुंतून तिफणीच्या चाड्यातून खाली पडत नाही. म्हणून बाजेवर सरकी टाकून तिला शेण-मातीचा काला लावायचा अन् तळहातानं घासत राहायचं, एकेक दाणा सुटा होईपर्यंत. हे सगळं पोट्ट्यांकडे अन् म्हाताऱ्यांकडे. बाबांचे तळवे आठ-आठ दिवस सोललेले राहत, असं ते सांगत. पेरताना बाप तिफण हाकायचा, मागून बाया चाड्यावर मूठ धरून चालायच्या. मधल्या ओळीला तूर, ती सरत्यानं, म्हणजे तिफणीमागं बांधलेल्या पेरायच्या नळीनं. मग डवरणी, निंदण, जवार निसवली की माळ्यावर गोफण घेऊन पाखरं राखणं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी सीतादही करायचं, वावराला दही-भात दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही.

आता बणी अन् जरी. बणी हा आपल्या भागाचा जुना कापूस, लांब अन् मऊ धाग्याचा. हिंगणघाटची बणी विलायतेपर्यंत नावाजलेली होती. पण तिचं उत्पन्न कमी, शिवाय ती उशिरा येणारी. जरी जाडीभरडी, पण लवकर यायची अन् रुईचा उतारा जास्त द्यायची. जिनात भाव मिळणार वजनावर, मग कूळ बणी कशासाठी पेरील? शेतकी खात्यानं पुढं रोझियम नावाचं पांढऱ्या फुलाचं निवडक बियाणं वाटलं, तेही जरीतलंच. इंग्रज साहेब लिहून गेले की शेतकऱ्याला चांगल्या कापसाची कदर नव्हती. मला हे वाचून राग येतो. कदर होती, पण साहुकाराचं देणं दिवाळीला द्यायचं होतं अन् बणी तोपर्यंत घरात येत नव्हती.

कारण देणं दिढीचं होतं. मृगात एक खंडी जवार घेतली तर पीक आल्यावर दीड खंडी परत, ही दिढी. सवा खंडी ठरली तर सवाई. खायला घेतलेल्या दाण्याला बहुधा दिढी, बियाण्याला कधी सवाई. एक साल पिकलं नाही की दीडवर पुन्हा दिढी. आबाजी म्हणतात दोन साल फिटली नाही, ते बरोबर बसते. १९१८ बुडालं, त्यानंतर १९२० लाही पाऊस कमी. कापसाला तेव्हा लढाईमुळे भाव चढलेला होता, पण घरात कापूसच नसला तर भाव कोणाला? ज्यांच्याकडे साठा होता ते त्या दोन सालात वर आले. कितीतरी घरांतली माणसं सालदारीला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायला, लागली, काही नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये गेली. टाटांची ही मिल १८७७ पासून सुरू होती, अन् गावात पत राहिली नाही की मिलचा भोंगा हाच आधार, असं बाबा म्हणत.

संत्र्याचंही सांगून टाकतो. काटोल म्हटलं की लोकांना वाटते आमचे आजे-पणजे संत्र्याच्या बागेत वाढले. बाग त्याची, ज्याची विहीर अन् मोट. झाड लावून चार-पाच वर्षं फळाविना थांबायची ज्याला ऐपत, त्याची. कुळाच्या पोरांनी संत्री मालगुजाराच्या वाडीतल्या तोडणीच्या कामावर पाहिली.

शेवटचं वाक्य मात्र मला सगळ्यात जड गेलं. "बाई सासरी गेली. मंग दळाले माय एकटीच." बाई म्हणजे मोठी बहीण. दहा-अकरा वर्षांची असेल. पहाटे दळणं, विहिरीवरून पाणी, धाकटं भावंडं कडेवर घेऊन निंदणाला जाणं, हे सगळं करणारी ती पोर एका उन्हाळ्यात घरातून निघून जाते अन् मायला तिचं सगळं ओझं परत घ्यावं लागते. माझ्या आईचं लग्न १९३० च्या मार्चात झालं. सारडा कायदा १ एप्रिलपासून लागू होणार, चौदाच्या आतल्या पोरीचं लग्न करता येणार नाही, म्हणून त्या महिन्यात एकेका मांडवात चार-चार लग्नं लागली. आई अकराची होती. ती सांगायची, मला सासरी पहिल्या दिवशी जातं दाखवलं अन् ते माहेरच्यापेक्षा जड होतं. तुमच्या लिखाणात या बाईला जागा द्या.

टेकडीपलीकडे:
डवरेवाले काका, फार आतून लिहिलंत. कागदांचं मी सांगतो.

सगळ्यात आधी तहसील कार्यालयात गावाची कोतवाल पंजी मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तिच्यात असतात. हे मी घरचं म्हणून सांगतोय. आमचा पणजा उमरेडकडच्या एका गावचा कोतवाल होता. महाराची वतनी नोकरी. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, की ती वही घेऊन पायी ठाण्यात जायचं आणि तिथल्या मुन्शीकडून लिहून घ्यायचं. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. मानमोडीत तो वही घेऊन गेला तेव्हा मुन्शीच तापानं पडलेला होता, म्हणून सगळी नावं तोंडपाठ ठेवून परत आला आणि पुढच्या खेपेला सांगितली. आजोबा ही गोष्ट नेहमी सांगत. सबंध गावाच्या जन्मतारखा ज्यानं काखेत वागवल्या, त्याच्या पोराला गावच्या शाळेत ओट्याच्या खाली बसावं लागे आणि पाणी दुसऱ्या विहिरीचं. ताई, तुम्ही पोरांसाठी लिहिताय म्हणून सांगतो, तुमच्या गावाचा कोतवाल कोण होता तेही शोधा आणि लिहा. तुमच्या आबाजींची तारीख त्या माणसाच्या पायांनी ठाण्यात पोचली आहे.

दुसरं, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिसल बंदोबस्त, म्हणजे जमिनीचा सारा ठरवतानाची जुनी नोंद, मिळेल. त्यात कुळाचं नाव, खसरा नंबर, हक्क मौरूसी (वारसानं चालणारा) की साधा, सगळं असतं. त्यालाच जोडून वाजिब-उल-अर्ज: गावाच्या रिवाजाचा कागद. गुरं कुठे चरायची, सरपण कुठलं आणायचं, मालगुजाराचा हक्क किती. आबाजींचा आखरही त्यात सापडू शकतो.

मृगसर:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दिढीचा हिशेब वाचून मी वहीची मागची पानं पुन्हा पाहिली. १९५० नंतरच्या उसनवारीत सुद्धा आबाजींनी प्रत्येक नावापुढे "बिनवाढी" लिहिलंय. आजवर त्या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी दाणा उसना दिला, पण वाढ कोणाकडूनच घेतली नाही.

एक अडचण आहे. बाईचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. काकांनाही नाही. कोतवाल पंजीत मिळेल का?

टेकडीपलीकडे:
जन्माच्या नोंदीत मिळणं कठीण. तिथे बहुतेक वेळा बापाचं नाव आणि पुढे "मुलगी" एवढंच असतं, कारण नोंद बारशाच्या आधीच व्हायची. ज्या गावी दिली ते गाव कळलं तर तिथल्या पंजीत मृत्यूची नोंद शोधा. तिथे नवऱ्याच्या नावासह बाईचं नाव मिळण्याची शक्यता जास्त.

डवरेवाला:
अन् गाव कळत नसेल तर काकांना विचारा, लहानपणी दिवाळीला किंवा अखजीला (अक्षय्य तृतीयेला) आबाजी कुठल्या गावी जायचे. बहिणीकडे जाणं माणूस सहसा सोडत नाही. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही पाहून घ्या, शाळा जुनी असेल तर नाव कमी केल्याची तारीख मिळेल. काही पानं मोडी लिपीत लिहिलेली निघाली तर इथे फोटो टाका. मला मोडी वाचता येते, बाबांनीच शिकवली.